दाढ ठणकण्याआधी: कीड कशानं लागते आणि घरच्या उजेडात ती कशी ओळखायची

दाढ ठणकायला लागली की आधी घरात लवंग शोधली जाते, आणि लवंगेनं भागलं नाही की तालुक्याच्या गाडीत बसायचं ठरतं. तोवर कीड बहुतेक वेळा नसेपाशी पोचलेली असते आणि रूट कॅनल किंवा दाढ काढणं एवढे दोनच रस्ते उरलेले असतात. खरं तर हीच कीड त्याआधी दुधाच्या दातांत काही महिने आणि मोठ्यांच्या दातांत बहुधा वर्ष-दीड वर्ष दातावर उघड दिसत असते. हिरडीला लागून खडूच्या रंगाचा, चमक गेलेला एक पांढरा पट्टा, एवढंच तिचं रूप. त्या वेळी ती थांबवता येते, तेही दात न कोरता आणि सुई न टोचता.

आपल्या मराठवाड्यात हा पट्टा ओळखू येत नाही याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे बोअरचं पाणी. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पिढ्यान् पिढ्या दातांवर डाग आहेत, त्यामुळे दातावर काहीही दिसलं तरी ‘पाण्याचंच आहे’ म्हणून विषय संपतो. दुसरं कारण मिश्री. तिच्या काळ्या थराखाली काय चाललंय ते लावणाऱ्या बाईलाही दिसत नाही. म्हणून इथं कारणांइतकाच भर बघायच्या रीतीवर दिला आहे.

कीड म्हणजे अळी नव्हे

‘कीड’ हा शब्दच फसवतो. ज्वारीला लागते तशी काहीतरी वळवळणारी अळी दात पोखरते असं चित्र डोक्यात बसतं, आणि आठवडी बाजारात दातातली अळी काढून दाखवणाऱ्यांचं पोट त्यावरच चालतं. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि वाटीत पडलेले पांढरे तुकडे दाखवतात. दातात अळी नसतेच, त्यामुळे वाटीत जे पडतं ते दातातून आलेलं नसतं. धुरीनंतर ठणका थोडा कमी वाटला तरी दाढ आतून सडत राहते.

खरी गोष्ट अशी आहे. सकाळी दातावरून नख फिरवलं की पिवळट, चिकट साय निघते. ती जिवाणूंची वस्ती. त्यातला मुख्य गुन्हेगार स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स. तो साखर खाऊन आम्ल सोडतो आणि त्याच साखरेचा डिंकासारखा पदार्थ करून दाताला चिकटून बसतो. गोड खाल्ल्यावर ५ ते १० मिनिटांत या सायीखालचं पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ५.५ च्या खाली जातं. दातावरचं कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण भाग आहे आणि त्यात ९५ टक्क्यांहून जास्त खनिजच असतं. पण पीएच ५.५ च्या खाली गेलं की तेही विरघळू लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल निवळवते आणि निघालेलं कॅल्शियम व फॉस्फेट परत बसवते. याला अर्धा ते एक तास लागतो. दिवसभर ही झीज आणि भरपाई चालूच असते, आणि झीज भरपाईच्या पुढे गेली की कीड लागते.

म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. उठल्याबरोबर चहा, नऊला चहा-बिस्किट, पारावर एक, पाहुणा आला म्हणून एक, चारचा, आणि रात्री जागरण असेल तर आणखी एक. सहा चहा झाले. प्रत्येकाची ४० मिनिटं धरली तर दात रोज चार तास आम्लात बुडलेले. तेवढीच साखर जेवणाबरोबर दोनदा गेली तर नुकसान कितीतरी कमी. चहा सोडा असं मराठवाड्यात कुणाला सांगणं व्यर्थ आहे. पण सहापैकी तीन बिनसाखरेचे करता येतात, आणि उरलेल्या तिनांबरोबरचं बिस्किट बंद करता येतं.

बिस्किटाला लोक उगाच साधं समजतात. मैदा आणि साखरेचा तो लगदा दाढेच्या खाचेत भरून तासभर तिथंच राहतो. गुळाचंही तेच. ‘साखरेपेक्षा गूळ बरा’ हे इतर बाबतींत असो नसो, जिवाणूला दोन्ही सारखेच, आणि गूळ वर चिकटही. संक्रांतीच्या रेवड्या, तिळगूळ, चिक्की ही दाताच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट जात. त्या जेवणाबरोबर खाव्यात, खिशात ठेवून दिवसभर चघळू नयेत. हुरड्याबरोबरचा गूळही हुरडा खातानाच संपवावा. ज्वारीची भाकरी मात्र दाताची मैत्रीण: चिकटत नाही, चावावी लागते, चावताना लाळ सुटते.

रात्रीचा हिशेब वेगळा. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. त्यामुळे झोपताना साखर घातलेलं दूध पाजून तसंच निजवलेलं लेकरू, किंवा बाटली तोंडात धरून झोपणारं बाळ, यांचे वरचे पटाशीचे दात सगळ्यात आधी जातात. खालचे पुढचे दात जिभेआड आणि लाळेच्या वाटेवर असतात म्हणून बहुधा वाचतात. वरचे चार किडलेले आणि खालचे चार चांगले असं दिसलं की कारण रात्रीच्या दुधात शोधावं. चोखणीला मध किंवा गूळ लावून देणं याच प्रकारातलं.

मोठ्यांमध्ये तोंड कोरडं पडणाऱ्यांना जास्त जपावं लागतं. रक्तदाब, ॲलर्जी आणि मानसिक आजारांवरची काही औषधं लाळ कमी करतात. मधुमेहातही तोंड कोरडं पडतं. तोंडाच्या कॅन्सरवर शेक (रेडिएशन) घेतलेल्या माणसाचे दात तर काही महिन्यांत गळ्यापाशी, म्हणजे हिरडीलगतच्या भागात, किडत जातात. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर रानात राहून पाणी कमी पडलं आणि वर तोंडात गोड सुपारी असली, तरी फारसं वेगळं होत नाही.

बघायची तयारी

महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. लागणारं सामान: मोबाइलचा टॉर्च, हातातला आरसा, स्वच्छ सुती फडक्याचे किंवा कापसाचे चार-सहा बोळे, आणि मिळाला तर दाताच्या दवाखान्यात असतो तसा लांब दांड्याचा छोटा गोल आरसा. तो मेडिकलमध्ये मिळतो. तोंडात घालण्याआधी कोमट पाण्यात क्षणभर बुडवावा, म्हणजे त्यावर वाफ धरत नाही.

एक गोष्ट कधीच करू नये. टाचणी, सुई, दातकोरणी असं टोकदार काहीही दाताला टोचून ‘मऊ आहे का’ बघायचं नाही. सुरुवातीच्या किडीत वरचा पातळ थर शाबूत असतो आणि खालचा भुसभुशीत. टोक घातलं की तो थर मोडतो आणि भरून येऊ शकणाऱ्या दाताला कायमचं भोक पडतं.

१. आधी ब्रश करा. सायीखालचा पट्टा दिसत नाही. चूळ भरून अंगणात किंवा खिडकीपाशी बसा. पिवळ्या बल्बखाली पांढरा डाग ओळखू येत नाही.

२. लहान मूल असेल तर दोघं लागतात. आई आणि दुसरं माणूस समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसा. लेकराचं तोंड आईकडे, पाय तिच्या कमरेभोवती, आणि डोकं मागे झुकवून समोरच्याच्या मांडीवर. आई हात धरते, समोरचा बघतो. लेकरू रडलं तरी हरकत नाही, रडताना तोंड पूर्ण उघडतं.

३. वरचा ओठ बोटानं वर उचला. दात आणि हिरडी जिथं भेटतात ती रेषा बघा. मग बोळ्यानं दात पुसा आणि तोंड उघडं ठेवून दहा-पंधरा सेकंद वाळू द्या. सगळी गोम इथंच आहे. ओल्या दातावर जे दिसत नाही ते वाळल्यावर दिसतं. वाळल्यावरच उमटणारा पांढरा पट्टा म्हणजे कीड वरच्या थरात आहे. ओला असतानाही दिसत असेल तर ती खोल गेली आहे. दोन्ही अवस्थांत भोक नाही आणि दोन्ही थांबवता येतात, पण दुसऱ्या अवस्थेत हाताशी वेळ कमी असतो.

४. आता दाढांचे माथे. खालच्या दाढांपासून सुरू करा. खाचेतली नुसती बारीक तपकिरी रेघ म्हणजे कीड नव्हे, चहा-तंबाखूचा रंगही तिथं बसतो. रेघेच्या दोन्ही बाजूंना दुधी, अपारदर्शक कड दिसली किंवा एनॅमलखालून राखाडी-निळसर सावली आली, तर ती कीड. अशा सावलीच्या दाढेचा माथा वरून अखंड असतो आणि आतला भाग पोखरलेला असू शकतो. एके दिवशी शेंगदाणा चावताना वरचं छत खचतं आणि माणूस म्हणतो, शेंगदाण्यानं दाढ फुटली.

५. दोन दातांमधली जागा डोळ्यांनी दिसत नाही, तिथं दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात. रोज एकाच फटीत अन्न अडकणं. फ्लॉसचा दोरा त्याच जागी चरचरून तुटणं. टॉर्च दाताच्या मागून धरल्यावर पुढून गडद डाग दिसणं, पण हे पुढच्या दातांतच जमतं. दाढांच्या फटींसाठी दवाखान्यात ‘बाइटविंग’ नावाचा छोटा एक्स-रे काढतात. डॉक्टरांना नाव घेऊन विचारायला संकोच करू नये.

६. आधी ‘सिमेंट’ भरलेल्या दाढा असतील तर भराव्याच्या कडेवरून जीभ फिरवा. कड टोचते, फट लागते, कडेला काळसर सावली दिसते? मग जुन्या भराव्याखाली नवी कीड असू शकते.

७. मोबाइलवर फोटो काढा: वरचे पुढचे, खालचे पुढचे, डाव्या-उजव्या दाढा. फ्लॅश थेट समोर न पाडता जरा बाजूनं. पुढच्या महिन्यात याच फोटोंशी ताडून बघायचं आहे, आठवणीवर भिस्त ठेवू नये.

पांढरा डाग: किडीचा की पाण्याचा

पाण्यातल्या फ्लोराइडचा नियम सरळ आहे. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त असलेलं पाणी साधारण आठ वर्षांच्या आतल्या मुलानं रोज प्यायलं तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दातांवर परिणाम होतो. तो दात पुढे वर्षांनी उगवतो तेव्हा डाग घेऊनच येतो. यावरून दोन्हींतला मुख्य फरक हाती लागतो. पाण्याचा डाग दाताबरोबर जन्मतो, किडीचा डाग चांगल्या दातावर नंतर उमटतो. म्हणूनच फोटो काढायला सांगितलं.

बाकीच्या खुणा अशा. पाण्याचे डाग जोडीनं असतात: डाव्या पटाशीवर जसे, तसेच उजवीवर. किडीला जोडी लागत नाही. पाण्याचे डाग आडव्या ढगाळ रेघांसारखे, दातभर किंवा चावायच्या कडेकडे पसरतात आणि त्यांची कड हळूच विरते. किडीचा डाग हिरडीच्या वळणाला धरून चंद्रकोरीसारखा बसतो, कारण साय तिथंच साठते. सौम्य पाण्याचा डाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो, तर चालू कीड खडूसारखी निस्तेज, आणि नख हलकं फिरवलं तर खरखरीत लागते. दुधाच्या दातांवर पाण्याचे डाग फार कमी दिसतात, तेव्हा दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या दातावरचा पांढरा पट्टा आधी कीडच धरून चालावं.

एक गैरसमज जाता जाता. ‘आमच्या दातात फ्लोराइड भरपूर, आम्हाला कीड लागत नाही.’ थोडं फ्लोराइड दाताला आम्लापासून वाचवतं हे खरंच आहे. पण डाग गडद तपकिरी होऊन दातावर खळगे पडले असतील तर तिथलं एनॅमल कच्चं असतं. त्या खळग्यांत अन्न बसतं आणि कीडही लागते.

पाण्याची शंका असेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं, चवीवरून फ्लोराइड कळत नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. गढूळपणा बसवायला आपण फिरवतो तेवढ्या तुरटीनंही जात नाही. आरओ फिल्टरनं जातं. शक्य असेल तर निदान लहान मुलांच्या पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसऱ्या स्रोताचं ठेवावं.

सहा वर्षांची दाढ, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून जरा थांबून वाचा. मूल सहा वर्षांचं होतं, पहिलीत जातं, पुढचे दुधाचे दात पडायला लागतात, आणि घरातल्यांचं सगळं लक्ष त्या पडणाऱ्या दातांकडे असतं. त्याच सुमारास, एकही दात न पडता, सगळ्या दाढांच्या मागे गुपचूप एक नवी दाढ उगवते. वर दोन, खाली दोन. ती दुधाची नाही. ती कायमची, तिच्या जागी पुन्हा दुसरी येणार नाही. पण काहीच पडलं नसल्यामुळे आईबापांना वाटतं, ही दुधाचीच, किडली तर किडली, पडून नवीन येईल.

ओळखायची खूण सोपी: पुढच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत मागे जा. दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दुधाच्या दाढा, हे झाले पाच. सहावा आला की ती कायमची. मधला एखादा दात पडलेला असेल तर त्याची रिकामी जागाही मोजा.

ही दाढ लवकर किडते याला कारणं आहेत. नवं एनॅमल पुरतं पक्कं झालेलं नसतं. माथ्यावरच्या खाचा खोल असतात, इतक्या अरुंद की ब्रशचा केस आत जात नाही. आणि उगवताना कित्येक महिने ती शेजारच्या दाढांपेक्षा खाली असते, त्यामुळे आडवा ब्रश तिच्या वरूनच निघून जातो. यावर उपाय: मुलाच्या मागे उभं राहून, गालाच्या बाजूनं ब्रश आडवा आत घालून फक्त त्या चार दाढा आपल्या हातानं घासायच्या. आठ वर्षांपर्यंत तरी मुलाच्या हातावर सोडू नये. ज्या मुलाला स्वतःच्या बुटाची लेस नीट बांधता येत नाही, त्याला दाढही नीट घासता येत नाही.

दाढ पूर्ण वर आली की दंतवैद्याकडून खाचा ‘सीलंट’नं बुजवून घ्याव्यात. दात कोरायचा नाही, दुखत नाही, एका दाढेला थोडी मिनिटं लागतात. बारा वर्षांच्या आसपास तिच्या मागे दुसरी दाढ येते, तिथंही हेच.

शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. त्यांच्या तपासणीत दातांची कीडही आहे. पथक येऊन गेल्यावर मुलाला नुसतं ‘काय म्हणाले’ न विचारता शिक्षकांकडून नोंद बघून घ्यावी. पुढं पाठवायची चिठ्ठी दप्तरातच राहून जाते, हा नेहमीचा घोळ.

मिश्री लावणाऱ्यांचे दात

तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री बहुतेक वेळा दातदुखीवरचा घरगुती इलाज म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून तीन-चार वेळांवर जाते. ती कीड मारत नाही. ठणका जाणवू देत नाही, एवढंच. म्हणजे घरातली एकमेव धोक्याची घंटाच ती बंद करते.

रोज जिथं चोळली जाते तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर एनॅमल नसतं. तिथला भाग मऊ असतो आणि तो विरघळायला पीएच ५.५ पर्यंतही उतरावं लागत नाही, ६ च्या वरच काम सुरू होतं. म्हणून पन्नाशीनंतरची कीड माथ्यावर नव्हे, दाताच्या गळ्याशी बघायची. काळ्या थरामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. आधी दवाखान्यात दात साफ करून घ्यावेत आणि मग बघावं. साफ केल्यावर गळ्याशी पिवळसर-तपकिरी, ओलसर, मऊ भाग दिसला तर कीड चालू आहे. काळा, कठीण आणि चकचकीत असेल तर ती थांबलेली जुनी कीड. त्यावर नजर ठेवली तरी बहुधा पुरतं. रंगावरून घाबरू नये, मऊपणावरून घाबरावं. राखुंडी आणि खरखरीत मंजनानंही हाच गळ्याचा भाग झिजतो आणि दात सळसळतात.

बघता बघता गालाची आतली बाजू आणि जीभही पाहून घ्यावी. पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दात बाजूला ठेवून आधी ती डॉक्टरांना दाखवावी.

दुखणं काय सांगतं

एनॅमलला नस नाही, त्यामुळे पहिल्या टप्प्यात काहीच जाणवत नाही. गोड किंवा गार लागल्यावर क्षणभर सणक येऊन लगेच थांबली तर कीड एनॅमलच्या आतल्या थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत, आली आहे, पण नस वाचू शकते. याच आठवड्यात भरून घ्यावं. गार लागल्यावर कळ मिनिटभर रेंगाळते, गरम चहानं ठणका उठतो, रात्री आडवं पडलं की वाढतो: नस सुजली, आता बहुधा रूट कॅनलशिवाय दात राहत नाही. आणि मग एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. याला बरं होणं समजू नये. नस मेलेली असते आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुळी येते.

गाल किंवा डोळ्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं. सुजेवर बाहेरून शेक देऊ नये. दाढेशेजारी ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवू नये, हिरडी भाजते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्यांनीही काही होत नाही, कारण पू दातातच असतो.

पांढरा पट्टा सापडला तर

घाई नाही, पण टाळाटाळही नको. फ्लोराइडची टूथपेस्ट घ्या. पाकिटावर ‘फ्लोराइड’ आणि साधारण १००० पीपीएम हा आकडा आहे का ते वाचा, बऱ्याच आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या पेस्टमध्ये ते नसतं. कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीनं साय निघते, पण त्यात फ्लोराइड नसल्यानं विरघळलेला भाग भरून यायला पुरेशी मदत होत नाही. काडी करायचीच असेल तर सकाळी करा, रात्री पेस्ट. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, त्याहून जास्त नाही. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथं सहाच्या आतल्या मुलांनी ती गिळू नये याकडे मोठ्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावं, आणि प्रमाण दंतवैद्याला विचारून ठरवावं.

दोन मिनिटं घासून फेस थुंकायचा, मग भराभर चुळा भरायच्या नाहीत. खळखळून धुतलं की फ्लोराइडही धुतलं जातं. रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. उलटी झाल्यावर, विशेषतः गरोदरपणी, लगेच ब्रश करू नये. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासानं घासावं.

दवाखान्यात फ्लोराइड वार्निश लावून घ्यावं. ते ब्रशनं दातावर रंगवतात, काही मिनिटांचं काम. त्या दिवशी कडक आणि गरम खाऊ नये, रात्री घासू नये. चालू कीड असलेल्यांना तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लागतं. अगदी लहान मुलाच्या किडलेल्या दातांवर ‘एसडीएफ’ नावाचं चांदीचं औषधही लावतात. त्यानं कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे आधी माहीत नसलं की घरी गेल्यावर डॉक्टरांच्या नावानं खडे फोडले जातात.

तीन महिन्यांनी पुन्हा वाळवून बघा आणि फोटोशी ताडा. पट्टा पूर्ण जाईलच असं नाही. खडूसारखा होता तो चकचकीत आणि गुळगुळीत झाला की काम झालं. पसरला, तपकिरी झाला, किंवा मधे खरखरीत खळगा आला, तर थांबू नका, भरून घ्या.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि जिल्हा रुग्णालयांत दंत विभाग असतो. जाताना फोटो असलेला मोबाइल आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात.

बीड आणि आसपासच्या ऊसतोड कुटुंबांचं वेळापत्रक मात्र वेगळं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघून उन्हाळ्याच्या तोंडाशी परत, म्हणजे मधले पाच-सहा महिने दंतवैद्य गाठणं जवळपास अशक्य. गणपती उठले की सगळ्या घरानं ही दहा मिनिटांची तपासणी करून घ्यावी. सणक येणाऱ्या दाढा जायच्या आधी भरून घ्याव्यात, पांढरे पट्टे असलेल्या मुलांना वार्निश लावून घ्यावं, आणि फडावर नेण्याच्या सामानात प्रत्येकाचा वेगळा ब्रश आणि दोन पेस्ट बांधाव्यात. ‘ऊस चघळला की दात साफ होतात’ यावर विसंबू नये. चोथ्यानं दाताची पुढची बाजू घासली जाते खरी, पण रस दाढेच्या खाचांत साखरेसकट राहतो. मुलांना ऊस दिवसभर हातात न देता एकदाच द्यावा, आणि खाऊन झाल्यावर दोन घोट पाण्यानं तोंड खळखळून घ्यायला लावावं. गावी परतल्यावर पाडव्याच्या आसपास जुने फोटो काढून तीच तपासणी पुन्हा करायची.